बेलचा कान आणि राष्ट्राध्यक्षांची गोळी

'दूरध्वनीचा जनक' एवढ्या दोन शब्दांत आपण अलेक्झांडर ग्रॅहम बेलला गुंडाळून ठेवले आहे. शालेय पुस्तकातील दाढीवाल्या चित्राखाली तेच शब्द असतात आणि सामान्यज्ञानाच्या परीक्षेत तेवढ्यावर एक गुणही मिळून जातो. परंतु विमानतळावर आपण ज्या चौकटीतून आत जातो, सुरुंग हुडकणारा जवान जे यंत्र जमिनीवरून फिरवतो, किंवा परदेशातील हौशी मंडळी समुद्रकाठी जुनी नाणी शोधताना जे हातात घेऊन हिंडतात, त्या धातुशोधकाच्या घराण्यातही बेलचे नाव मूळपुरुषांमध्ये घ्यावे लागते. हे यंत्र त्याने माणसाच्या अंगावर चालवले ते एका मृत्यूशय्येवरील माणसाला वाचवण्यासाठी. आणि नेमके त्याच माणसाच्या ते उपयोगी पडले नाही.

धातुशोधकांच्या जाणकारांत एक जुना वाद आहे. यंत्राने एकाच कंप्रतेवर, म्हणजे सेकंदाला ठराविक इतक्याच कंपनांवर, काम करावे की एकाच वेळी अनेक कंप्रता वापराव्यात? एक सूर की अनेक सूर, असे आपण सोप्या भाषेत म्हणू. बेलचे चरित्र वाचताना मला सारखे वाटत राहिले की या माणसाचे अर्धे आयुष्य याच प्रश्नाभोवती फिरले.

बेलचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. घरात उच्चारशास्त्राचाच धंदा. आजोबा वक्तृत्व शिकवणारे, वडील मेल्व्हिल बेल यांनी तर ओठ, जीभ, कंठ यांच्या स्थिती चिन्हांनी दाखवणारी एक लिपीच तयार केली होती. आणि अशा घरातील आईला ऐकू कमी येत असे! ती उत्तम पियानो वाजवी. तिच्याशी बोलताना इतर लोक कर्ण्यासारख्या नळीत ओरडत. हा मुलगा मात्र तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हळू, खालच्या आवाजात बोले आणि ते तिला उमगे. ध्वनी म्हणजे कंपन हे ज्ञान त्याला पुस्तकातून मिळण्याआधी असे घरातच मिळाले.

पियानोच्या तारा मोकळ्या सोडून त्यांच्या पुढ्यात एखादा सूर गायला तर त्याच सुराची तार आपोआप झंकारते, ही गोष्ट त्याने तरुणपणीच पाहून ठेवली होती. आपल्याकडे ज्याने सतार किंवा सारंगी जवळून ऐकली आहे त्याला यात नवल वाटणार नाही. तरफेच्या तारा हेच करतात. पुढे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याचे स्वरांवरील प्रयोग त्याच्या कानी आले. अनेक नादकाट्यांचे सूर योग्य प्रमाणात मिसळले की 'अ', 'उ' यांसारखे मानवी स्वर तयार होतात, असे हेल्महोल्ट्झने दाखवले होते. बेलला त्या वेळी जर्मन धड येत नव्हते. आकृत्या पाहून त्याने असा समज करून घेतला की हेल्महोल्ट्झने स्वर विजेच्या तारेतून पाठवले आहेत. समज साफ चुकीचा होता, पण दुसऱ्याला जे साधले ते आपल्यालाही साधेल या भरवशावर तो कामाला लागला. भाषेच्या अज्ञानाचा इतका लाभ क्वचितच कोणाला झाला असेल.

क्षयाने १८६७ साली धाकटा भाऊ गेला, १८७० साली थोरला. उरलेला एकुलता एक मुलगाही खंगत चाललेला पाहून आईवडिलांनी देश सोडला आणि कॅनडात ब्रँटफर्ड येथे बिऱ्हाड केले. हवापालट मानवली. १८७१ पासून बेल अमेरिकेत बोस्टन शहरी बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवू लागला, आणि १८७३ साली तेथील विद्यापीठात त्याला प्राध्यापकाची जागा मिळाली. त्याच्या शिष्यांत मेबल हबर्ड ही मुलगी होती. पाचव्या वर्षी तांबड्या तापाने तिचे ऐकणे कायमचे गेले होते. तिचे वडील गार्डिनर हबर्ड हे वकील, आणि तारायंत्राच्या व्यवहारात त्यांना विशेष रस.

तारायंत्राच्या एका तारेवरून एकाच वेळी जास्तीत जास्त संदेश कसे पाठवावेत हा त्या काळी लाखमोलाचा प्रश्न होता. बेलने योजलेला उपाय तरफेच्या तारांचाच. एका टोकाला निरनिराळ्या सुरांच्या पोलादी पट्ट्या, दुसऱ्या टोकाला त्याच सुरांना जुळवलेल्या जोडीदार पट्ट्या. प्रत्येक संदेशाला स्वतःचा सूर, आणि प्रत्येक पट्टी फक्त आपल्या सुराला जागी होणार. कागदावर हे छान होते, हातात काही केल्या येईना. २ जून १८७५ रोजी साहाय्यक वॉटसन एका अडकलेल्या पट्टीला बोटाने छेडत असताना पलीकडच्या खोलीत बेलला तिचा आवाज ऐकू आला. नुसता सूर नव्हे. छेडलेल्या पट्टीचा सगळा झणत्कार, तिच्या मूळ सुरासह वरचे सगळे उपसूर. एका तारेतून एकेक सूर वेगळा काढून पाठवण्याची धडपड करणाऱ्या माणसाला त्या क्षणी कळले की सगळे सूर एकदम, मिसळलेल्या स्थितीतच, जाऊ शकतात. मानवी बोलणे म्हणजे तरी दुसरे काय असते?

पुढची कथा सर्वश्रुत आहे. ७ मार्च १८७६ रोजी एकस्व मिळाले आणि तीनच दिवसांनी शब्द तारेतून गेले. एलिशा ग्रे यानेही बेलच्याच दिवशी, १४ फेब्रुवारी १८७६ रोजी, आपली कल्पना सरकारी कचेरीत नोंदवली होती. तो तंटा अजून इतिहासकारांत मिटलेला नाही, आणि येथे तो उकरण्याचे कारण नाही. ११ जुलै १८७७ रोजी बेलचे मेबलशी लग्न झाले व नवपरिणित जोडपे इंग्लंडला गेले.

तेथे दूरध्वनीची एक खोड त्याला फार सतावू लागली. दूरध्वनीच्या तारेशेजारून तारायंत्राची तार जात असेल तर तिच्यातील कट्टकड दूरध्वनीत घुसत असे. हा विद्युत् प्रवर्तनाचा प्रताप. एका तारेतील बदलता प्रवाह शेजारच्या तारेत प्रवाह उठवतो, हे फॅरडेने १८३१ सालीच सिद्ध केले होते. त्यावर बेलने उतारा शोधला तो असा, की दोन वेटोळी अशी मांडायची की एकाचा परिणाम दुसऱ्याने पुसून टाकावा. तराजूची दोन्ही पारडी समतोल झाली की श्रवणयंत्र गप्प. पण अशी शांतता साधली असताना धातूचा एखादा तुकडा जवळ आणला की समतोल ढळून श्रवणयंत्र पुन्हा बोलू लागे. बेलने ही गंमत नोंदवून ठेवली आणि सोडून दिली. १८७९ साली डेव्हिड ह्यूज याने स्वतंत्रपणे असाच प्रवर्तन-तराजू बनवून त्याला शास्त्रीय उपकरणाचे रूप दिले.

असे का होते, ते विज्ञानशाखेबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. वेटोळ्यातून बदलता प्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्यात धातू सापडला की त्याच्या अंगात पाण्यातील भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात. या भोवऱ्यांचेही स्वतःचे क्षेत्र असते, आणि ते दुसऱ्या वेटोळ्याला जाऊन धडकते. धातू बोलत नाही, पण हाक मारली तर ओ देतो. आणि लांबून दिलेली ओ फार क्षीण असते. लहानशी वस्तू दुप्पट खोल गेली की तिचे उत्तर निम्मे होत नाही, जवळजवळ चौसष्टावा भाग उरते. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा.

आता १८८१ सालाकडे येऊ. पुण्यात 'केसरी' निघाला ते हे वर्ष. २ जुलै रोजी सकाळी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनावर चार्ल्स गिटो नावाच्या माथेफिरूने राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. एक दंडाला चाटून गेली, दुसरी पाठीत उजवीकडून शिरली आणि आतच राहिली. डॉ. ब्लिस या शल्यवैद्याने उपचारांची सूत्रे हाती घेतली. जखमेत सळया घालून, बोटे घालून गोळी शोधण्याचे प्रकार झाले, आणि ती बोटे धुतलेलीही नव्हती. लिस्टरची जंतुनाशक पद्धती तोवर युरोपात मान्यता पावू लागली होती, १८७६ साली तो स्वतः फिलाडेल्फियात येऊन ती समजावून गेला होता. पण अमेरिकेतील जुन्या वैद्यांपैकी पुष्कळांना ते थोतांड वाटत होते.

गोळी कोठे आहे? सबंध देश हाच प्रश्न विचारत होता. क्ष-किरण सापडायला अजून चौदा वर्षे होती. बोस्टनमध्ये वर्तमानपत्र वाचताना बेलला इंग्लंडमधला तो बोलका तराजू आठवला. त्याने वॉशिंग्टनला धाव घेतली आणि आपल्या प्रयोगशाळेत साहाय्यक टेंटर याच्यासह रात्रंदिवस काम सुरू केले. मुठीत गोळी धरून पाहिली, मांसाच्या तुकड्यात लपवून पाहिली. यादवी युद्धातील गोळ्या ज्यांच्या अंगात राहून गेल्या होत्या अशा जुन्या सैनिकांवरही यंत्र फिरवले. यंत्राची रचना साधी होती: विद्युत्घट, प्रवाह झपाझप तोडणारा खंडक, वेटोळी आणि कानाला लावलेले श्रवणयंत्र. खंडकामुळे प्रवाह तुटक होई आणि गोळी जवळ आली की कानात गुणगुण उठे. मापन करणारा काटा नव्हता, कागदावर उमटणारी रेघ नव्हती. जे काही होते ते बेलच्या कानात.

२६ जुलैला संध्याकाळी व्हाइट हाउसमध्ये पहिला प्रयोग झाला. श्रवणयंत्रात नुसती फरफर ऐकू येत राहिली. मागाहून ध्यानात आले की घाईत एक संधारित्र चुकीचे जोडले गेले होते! बेलच्या मनाची अवस्था काय झाली असेल ते प्रयोगशाळेत प्रात्यक्षिक परीक्षा दिलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला कळेल. फक्त येथे पणाला गुण लागलेले नव्हते. १ ऑगस्टला तो पुन्हा गेला. आता यंत्र ठाकठीक होते. डॉ. ब्लिस यांची समजूत अशी की गोळी उजव्याच बाजूला आहे. शोधही त्याच बाजूला चालला. तेथे बेलला एका बऱ्याच मोठ्या भागावर अगदी पुसट, संदिग्ध आवाज आला. एका बारक्या गोळीने एवढ्या मोठ्या जागेवर बोलावे हे त्याला पटेना. डॉक्टरांनी मात्र आपले निदान यंत्राने शाबीत केले असे जाहीर करून टाकले.

दुसऱ्या दिवशी बेलने जाऊन विचारले की बिछान्याजवळचा सगळा धातू खरोखर दूर केला होता काय. तेव्हा कोठे कोणाला आठवले की घोड्याच्या केसांच्या गादीखाली पोलादी तारांची आणखी एक गादी आहे! हीच हकीकत पुढे तिखटमीठ लावून सांगितली गेली, की स्प्रिंगांनी बेलला फसवले आणि राष्ट्राध्यक्षांचा घात केला. बेलने स्वतः मात्र तशीच एक गादी मिळवून तिच्यावर प्रयोग केला, आणि सगळा दोष तिच्या माथी मारता येणार नाही असे त्याचे मत झाले. अपयशाला तयार सबब हाताशी असताना ती नाकारणे सोपे नसते, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

याच सुमारास घरून निरोप येत होते. मेबल बोस्टनकडे होती, दिवस गेलेली होती आणि तिची प्रकृती ठीक नव्हती. बेल परतला. १५ ऑगस्टला अकाली प्रसूती झाली. मुलगा काही तास जगला. श्वास घेण्याचे बळ त्याच्यात नव्हते. एडवर्ड हे त्याचे नाव, क्षयाने गेलेल्या भावाचे. त्यानंतर बेलने छातीभोवती हवेचा दाब कमीजास्त करून श्वास चालू ठेवणारे एक यंत्र तयार केले. पोलादी फुप्फुस म्हणून पुढे प्रसिद्ध झालेल्या उपकरणाचा हा एक पूर्वज म्हणावा लागेल. गोळी शोधणाऱ्या यंत्राच्या सुधारणाही याच दिवसांत चालू होत्या. दोन चपटी वेटोळी एकमेकांवर अर्धवट सरकवून ठेवायची आणि शांतता साधेल त्या ठिकाणी पक्की करायची, अशी सुटसुटीत रचना त्याने बसवली. आजच्या कित्येक धातुशोधकांच्या पुढील चकतीत वेटोळी अशीच एकमेकांवर चढलेली असतात.

गारफील्ड १९ सप्टेंबर १८८१ रोजी न्यू जर्सीच्या समुद्रकाठी वारले. शवचिकित्सेत गोळी सापडली ती डावीकडे. पाठीचा मणका भेदून ती पलीकडे गेली होती आणि स्वादुपिंडामागे जाऊन स्वस्थ बसली होती. उजवीकडे जो मार्ग डॉक्टर गोळीचा समजत होते, तो पुवाने पोखरलेला मार्ग होता. आजच्या वैद्यांपैकी बहुतेकांचे मत असे की गोळीने नव्हे, अस्वच्छ हातांनी झालेल्या जंतुदोषाने त्यांना मारले.

आता विज्ञानाच्या विद्यार्थ्याला स्वाभाविक शंका येईल. बेलचे यंत्र एकाच सुरात गुणगुणत होते. आजचे अनेक कंप्रतांचे यंत्र त्याच्या हाती असते तर?

खरे सांगायचे तर तुटक प्रवाह काटेकोरपणे एका कंप्रतेचा नसतोच. मूळ सुराबरोबर त्याच्या पटीतील अनेक सूर त्यात दडलेले असतात. पण ते सुटे करून प्रत्येकाचे उत्तर मोजण्याचे साधन बेलपाशी नव्हते. कानाला फक्त आवाज मोठा की लहान एवढेच कळे. एका कंप्रतेच्या यंत्राची मर्यादा येथेच आहे. मंद कंप्रता, समजा सेकंदाला चार-पाच हजार कंपने, तांब्या-चांदीच्या जाड नाण्याला चांगली मानवते. सोन्याचा बारीक कण तिला दाद देत नाही. त्याला चाळीस-पन्नास हजार कंपनांची उंच पट्टी लागते. शिसे हे तांब्याच्या मानाने विजेचे बेताचेच वाहक, साधारण बारावा हिस्सा. (तरफेच्या तारेची उपमा येथे फार ताणू नये. तार एकाच नेमक्या सुराला जागी होते. धातू सर्वच सुरांना उत्तर देतो, फक्त कमीअधिक.) लोखंड स्वतःच चुंबकीय असल्यामुळे त्याचे उत्तर कंप्रतेबरोबर निराळ्या तऱ्हेने बदलते. म्हणून दोन-तीन कंप्रतांची उत्तरे शेजारीशेजारी ठेवली की पोलादी तार आणि शिशाची गोळी यांत फरक करणे सोपे जाते. जमिनीचेही तसेच. समुद्राची खारी ओली वाळू वीज वाहते, आणि आपल्या खानापूरकडच्या जांभ्याच्या तांबड्या मातीत लोह भरलेले. एका कंप्रतेचे यंत्र अशा ठिकाणी जमिनीच्याच बडबडीने हैराण होते. अनेक कंप्रतांचे यंत्र एका उत्तरातून दुसरे वजा करून ती बडबड पुष्कळशी गाळून टाकते. अशी यंत्रे १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिका व ऑस्ट्रेलियातून बाजारात आली. दुसऱ्या बाजूलाही म्हणण्यासारखे आहे: एकाच कंप्रतेत सगळी शक्ती ओतणारे यंत्र शांत, कोरड्या जमिनीत अजूनही कमी पडत नाही, आणि ते हलके नि स्वस्त असते.

तेव्हा बहुकंप्रता यंत्राने गादीतील तारा वेगळ्या ओळखल्या असत्या, असे मानायला हरकत नाही. त्या पुसट आवाजाने डॉक्टरांची समजूत घट्ट केली, तेवढे तरी टळले असते. पण डावीकडे खोल बसलेली गोळी उजवीकडे ऐकू आली नसती. चौसष्टाव्या भागाचा तो हिशोब कोणत्याही कंप्रतेला चुकत नाही. माझ्या मते प्रश्न सुरांचा नव्हता. यंत्र कोठे ठेवायचे हे ज्याने ठरवले त्याच्या खात्रीचा होता.

बेलने यंत्र टाकून दिले नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये जुन्या सैनिकांवर त्याचे यशस्वी प्रयोग झाले आणि १८८२ साली त्याने सगळी हकीकत, चुकांसकट, निबंधरूपाने शास्त्रज्ञांपुढे मांडली. याच धडपडीतून दूरध्वनीला जोडलेली सळई निघाली. तिचे टोक गोळीला लागले की कानात टकटक होई. क्ष-किरण येईपर्यंत शल्यवैद्यांना ती उपयोगी पडली, आणि हायडेलबर्ग विद्यापीठाने त्याला वैद्यकाची सन्माननीय पदवी दिली. इकडे २८ जानेवारी १८८२ रोजी मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे उघडली. धातुशोधकाचा पुढचा मोठा पराक्रम पाहायला बेल राहिला नाही: पोलंडचा लष्करी अधिकारी कोसात्स्की याने बनवलेले सुरुंगशोधक घेऊन ब्रिटिश फौज १९४२ साली एल अलामेनच्या वाळवंटात पुढे सरकली.

या माणसाला देव्हाऱ्यात बसवण्याचा माझा विचार नाही. बहिऱ्यांनी हातांच्या खुणा सोडून ओठांनीच बोलावे असा त्याचा हट्ट होता. जन्मतः बहिऱ्या असलेल्यांनी आपसांत लग्ने करू नयेत असेही त्याने १८८३ साली विद्वत्सभेपुढे मांडले. कर्णबधिर समाज ते अजून विसरलेला नाही, आणि त्याने विसरावे असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. डॉ. ब्लिस यांना गोळीच्या बाजूविषयी जशी खात्री होती, तशीच बेलला येथे होती.

उरलेले आयुष्य कॅनडातील नोव्हा स्कोशियात पतंग, विमाने आणि पाण्यावर उचलून धावणाऱ्या नावा यांच्या नादात गेले. १९१९ साली त्याच्या नावेने ताशी ७० मैलांहून अधिक वेग गाठून विक्रम केला. २ ऑगस्ट १९२२ रोजी तो वारला. दोन दिवसांनी दफनाच्या वेळी उत्तर अमेरिकेतील सगळे दूरध्वनी एक मिनिट बंद ठेवण्यात आले. मेबल पुढच्या जानेवारीत गेली.